पंधरा मिनिटं पाणी

जीवराम महाजन धरणगावच्या एका हायस्कूलमध्ये अकरा वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी एरंडोल रस्त्यावर त्याच्या सायकलीला ट्रकनं उडवलं आणि तो जागच्या जागी गेला. पुढच्या जूनमध्ये संस्थेनं त्याची जागा त्याच्या बायकोला दिली. मंदाबाई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. शिक्षण सातवी पास, माहेर दोंडाईचाचं. घरात सासू भिकुबाई आणि दीर निंबा. मूलबाळ नव्हतं.

मंदाबाई रडली नव्हती. नवऱ्याला दारात आणून ठेवलं तेव्हा नाही, दहाव्याला नाही आणि माहेरून भाऊ आला तेव्हाही नाही. बायका म्हणायच्या, धक्का बसलाय, येईल रडू. पुढं पुढं त्यांनी म्हणणंही सोडलं. रडू येत नाही याचं तिला स्वतःला दुःख होतं असंही नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, कामं व्हायची. भाजीत मीठ बरोबर आहे का असं सासूनं विचारलं, की ती आणखी एक घास तोंडात घालून बघायची आणि मग सांगायची.

शाळेत विज्ञान शिकवायला जहांगीर पिंजारी नावाचे सर होते. वडील कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. सर घराण्यातले पहिले बी.एस्सी. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं भरलेले, आवाज मोठा. जीवराम त्यांच्या हाताखालीच काम करायचा. मंदाबाई पहिल्या दिवशी आली तेव्हा त्यांनी तिला कपाटं दाखवली, किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, "बाई, मला जीवरामबद्दल बोलता येत नाही. काम तेवढं शिकवीन."

तिला ते बरं वाटलं. बोलायचं तिलाही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एक प्रकार झाला. तास संपल्यावर ती टेबल आवरत होती. दिव्यावरून नुकतीच काढलेली लोखंडी तिवई तिनं उचलली आणि कपाटाकडं निघाली. चार पावलं गेली असेल. सर ओरडले, "सोडा ते! बाई, सोडा हातातलं!" तिनं तिवई खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. तळव्यावर पांढरा पट्टा उठला होता. सरांनी तिचा हात पाण्याखाली धरायला लावला आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसून राहिले.

"दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. पण ते तिनं जरा विचार करून सांगितलं.

सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मोठा पुठ्ठा आणला, शाईची दौत आणली आणि तिला समोर बसवून प्रयोगशाळेचे नियम लिहायला लावले. "तुमच्या हातावर भरवसा ठेवता येत नाही," ते म्हणाले, "म्हणून डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच असते. तापवलेली वस्तू हाताला काय लागते ते बघायचं नाही, दहा मिनिटं तिला शिवायचंच नाही." मग आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल ओतायचं, तेही थोडं थोडं. नळीचं तोंड कोणाच्या तोंडाकडं करायचं नाही. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय बूच काढायचं नाही. नावं इंग्रजीत होती. सरांनी प्रत्येक बाटलीला मराठी चिठ्ठी लावून दिली.

शेवटी त्यांनी सांगितलं, "डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं पाणी. घड्याळ बघून."

मंदाबाईनं टाक थांबवला. "पंधरा मिनिटं कशाला? डोळे तर तांब्याभर पाण्यात धुऊन होतात."

"चेहरा धुऊन होतो. औषध आत शिरलेलं असतं, ते तांब्याभर पाण्यानं निघत नाही. माणूस ओरडेल, पुरे म्हणेल, दवाखान्यात न्या म्हणेल. सोडायचं नाही. आधी पाणी, मग दवाखाना."

तिनं तसंच लिहिलं.

धरणगावात तेव्हा नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. प्रयोगशाळेतल्या बेसिनशेजारी विटांच्या ओट्यावर एक पत्र्याचा ड्रम होता, त्याला खाली तोटी. जीवराम तो आठवड्यातून एकदा भरायचा. मंदाबाई रोज सकाळी भरायला लागली. शाळेच्या मागच्या हापशावरून बादलीनं पाणी आणायचं, वीस-बावीस खेपा. शिक्षक हसायचे, "मंदाबाई, पोरांना आंघोळी घालायच्या का?" ती हसायची नाही आणि चिडायचीही नाही. तोटीला तिनं हातभर रबरी नळी लावून ठेवली होती.

अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल. शाळा सकाळची झाली होती, तरी दहालाच वर्ग तापायचे. नववीची तोंडावर आलेली परीक्षा आणि मागं राहिलेले दोन प्रयोग, त्यामुळे सरांनी शनिवारी जादा तास घेतला. मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घालून रंग गडद निळा होतो, तो दाखवायचा होता. अमोनियाची मोठी बाटली पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात असायची. ती भिंत आदल्या दुपारभर तापलेली, सकाळीही हाताला कोमट लागायची. उन्हाळ्यात त्या बाटलीत वाफ कोंडते, म्हणून उघडण्याआधी तासभर ती पाण्याच्या बादलीत ठेवायची आणि ओलं पोतं गुंडाळून मग बूच काढायचं, हे पुठ्ठ्यावर नव्हतं, पण सरांनी तोंडी सांगितलं होतं.

मंदाबाईनं बाटली बादलीत ठेवली होती. पण त्या दिवशी ड्रम भरायलाच उशीर झाला आणि बाटलीला जेमतेम दहा मिनिटं मिळाली.

"सर, अजून गार झाली नाही," ती म्हणाली.

"बेल व्हायला वीस मिनिटं राहिलीत. द्या इकडं."

"पोतं?"

"द्या हो."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि काचेचं बूच पिळलं. बूच उडालं. पांढऱ्या धुरासारखं काहीतरी वर आलं आणि अमोनियाचा फटकारा सरळ त्यांच्या तोंडावर बसला. त्यांचा वाचायचा चष्मा शर्टाच्या खिशात होता. पहिल्या ओळीतली पोरं खोकत मागं पळाली. सर दोन्ही हातांनी डोळे दाबून ओरडायला लागले.

मंदाबाईच्याही नाकातोंडात वास गेला, श्वास अडकला. तिनं पदर तोंडावर धरला आणि खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. मग तिनं सरांचा दंड धरून त्यांना बेसिनपाशी ओढत नेलं, डाव्या हाताच्या कवेत त्यांची मान घेतली, डोकं बेसिनवर आडवं दाबलं आणि तोटी सोडली. त्यांचे हात डोळ्यांवरून निघेनात. तिनं ते बाजूला केले, बोटांनी पापण्या उघड्या धरल्या आणि नळी डोळ्यांवर फिरवत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

सर तिच्या दीडपट होते. त्यांनी धडका दिल्या, तिचा पाय तुडवला. सोड म्हणाले. बाई म्हणणारा माणूस, सोड म्हणाला आणि मग शिव्याही दिल्या. तिच्या डोक्यावरचा पदर पडला, बांगड्या नव्हत्याच. ती सगळा भार टाकून उभी राहिली. दहा पंधरा झाले. दहा अठरा झाले.

मुख्याध्यापक भंगाळे सर आणि दोन शिक्षक धावत आले. दारात पोरांची गर्दी.

"मंदाबाई, सोडा त्यांना. जीप मागवलीय, जळगावला नेतो."

"सहा मिनिटं झालीत. नऊ राहिली."

"अहो, तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"सरांनीच सांगितलंय."

भंगाळे सरांनी तिचा हात सोडवण्यासाठी हात पुढं केला आणि मागं घेतला. परक्या बाईला धरून ओढणार कोण? सगळे नुसते उभे राहिले. जीप आली, हॉर्न वाजायला लागला. ड्रममधलं पाणी बेसिनमधून वाहून जमिनीवर आलं, सगळ्यांचे पाय भिजले. सर आता ओरडत नव्हते, कण्हत होते. मध्येच त्यांनी दोन्ही हातांनी बेसिनची कड घट्ट धरली आणि मान सैल सोडली. दहा सत्तावीसला मंदाबाईनं तोटी बंद केली आणि म्हणाली, "आता न्या."

जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी किती वेळ मारलं? भंगाळे सरांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ज्यानं मारलं त्यानं डोळे वाचवले. इथं येऊन मारलं असतं तर काही हाती लागलं नसतं." भंगाळे सर प्रामाणिक माणूस. संध्याकाळी परत आल्या आल्या त्यांनी शिक्षकांच्या खोलीत हे जसंच्या तसं सांगितलं, आणि आपण थांबवायला गेलो होतो हेही सांगितलं.

पण गावात त्याआधीच दुसरी गोष्ट पोहोचली होती. महाजनांच्या विधवा सुनेनं पिंजारी मास्तरांना भर वर्गात कवेत धरलं, पदराचंही भान नव्हतं. बाजारात निंबाला कोणीतरी हसून विचारलं. तो घरी येऊन ताट बाजूला सारून बसला. भिकुबाईनं विचारलं, "मंदे, तू त्या सरनं डोकं धरेल व्हतं म्हंतस. खरं शे का?"

"हां."

"बठ्ठं गाव बोली राह्यनं."

"त्यासना डोया जाई राह्यंतात," मंदाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

निंबा म्हणाला, "वहिनी, तू नोकरी सोडी दे. दोंडाईचाले चालनी जाय थोडा दिन."

तिनं नोकरी सोडली नाही. सोमवारी सकाळी हापशावरून वीस खेपा केल्या. वाटेत बायका बोलायच्या थांबल्या की तिच्या ते लक्षात यायचं, पण लागायचं नाही. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. शाळेनं नारळ आणि साडी देऊन तिचा सत्कार केला, तेव्हा आनंद व्हायला हवा हेही कळत होतं. तिनं साडी घडीसकट पेटीत ठेवली.

मे महिन्यात एका दुपारी सरांची बायको कनीज घरी आली. ती पहिल्यांदाच त्या दारात येत होती. भिकुबाईनं चटई टाकली, मंदाबाईनं माठातलं पाणी दिलं. कनीजनं सांगितलं, उजवा डोळा चांगला आहे, डाव्यात जरा धूसर राहील, पण वाचता येईल. मग तिनं पेला खाली ठेवला.

"बाई, एक विचारू का? ते ओरडत होते, तेव्हा तुमचे हात थरथरले नाहीत?"

"नाही."

"काहीच वाटलं नाही?"

मंदाबाईनं आठवून बघितलं. घड्याळ आठवलं, नळी आठवली, सरांच्या मानेचा घाम आठवला. "नाही, भाभी. काहीच नाही."

कनीज म्हणाली, "माझे थरथरले असते. मी सोडून दिलं असतं त्यांना."

यात कौतुक होतं की आणखी काही, ते मंदाबाईला समजलं नाही. कनीजलाही ते सांगता आलं नसतं. जाताना तिनं मंदाबाईचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि गेली.

जूनमध्ये सर काळा चष्मा लावून शाळेत आले. पहिल्याच तासाला त्यांनी नवीन दहावीच्या मुलांना, म्हणजे त्याच मुलांना, उभं राहून सांगितलं, "बाटली गार झाली नव्हती. मला बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी." गावातली कुजबुज त्यानंतर कमी झाली. त्या मुलांनी ते घरोघरी सांगितलं असणार. अमोनियाची बाटली उत्तरेच्या भिंतीतल्या कपाटात हलवली. तास संपल्यावर सरांनी मंदाबाईला विचारलं, "मी त्या दिवशी तुम्हाला शिव्या दिल्या?"

"दिल्या."

"कोणत्या?"

"पाण्याच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत."

सर चष्म्यामागून तिच्याकडं बघत राहिले. "जीवराम असता तर त्यानं मला तिसऱ्या मिनिटाला सोडलं असतं," ते म्हणाले. "माझं ओरडणं त्याला सहन झालं नसतं." अकरा वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचं नाव त्यांनी तिच्यासमोर दुसऱ्यांदा घेतलं होतं. तिनं परीक्षानळ्या घासायला घेतल्या.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात भिकुबाई अचानक शाळेत आली. मंदाबाई डबा विसरली होती, हे निमित्त. जीवराम अकरा वर्षं इथं होता, पण भिकुबाईनं ही खोली कधी बघितली नव्हती. ती चपला बाहेर काढून आत आली, बाटल्या बघितल्या, ड्रम बघितला, बेसिनच्या कडेवरून हात फिरवला.

"तो कोठे बसे?"

मंदाबाईनं खिडकीजवळचं स्टूल दाखवलं. भिकुबाई स्टुलावर बसली नाही, शेजारी जमिनीवर बसली आणि स्टुलाच्या पायाला धरून रडायला लागली. मोठ्यानं नाही. मंदाबाई तिच्याजवळ जाऊन बसली, पाठीवर हात ठेवला. हात ठेवायचा असतो, म्हणून ठेवला. पाठ हलत होती.

बऱ्याच वेळानं भिकुबाई डोळे पुसत म्हणाली, "तूबी रड ना व माय."

"रडूच येत नही, आत्या."

भिकुबाईनं तिच्याकडं बघितलं. दोन वर्षांत तिनं सुनेला हे कधी विचारलं नव्हतं आणि सुनेनं सांगितलं नव्हतं. तिनं डबा उघडला, अर्धी भाकरी मोडून मंदाबाईच्या हातात दिली, अर्धी स्वतः घेतली. दोघी तिथंच खाली बसून जेवल्या.

बेल झाली. मंदाबाईनं सासूला टेबलापासून दूर, मागच्या बाकावर बसवलं आणि तिथून उठू नका म्हणून सांगितलं. आठवीची पोरं आत आली. भिकुबाई तासभर तिथं बसून होती.