चार कोपऱ्यांचं गजकर्ण

आमच्या यांनी स्वतःची पाठ कधी पाहिलेली नाही. तशी गरजही पडली नाही, कारण लग्न झाल्यापासून ती माझ्या ताब्यात आहे. हे भरवेलीच्या खाणीत सुरुंगाच्या कामावर होते. ड्युटी संपवून सायकलवर घरी यायचे तेव्हा मँगनीजच्या धुळीने कानापासून कमरेपर्यंत काळे झालेले असायचे. पुढचं अंग ते धुवायचे, पाठ माझ्याकडे. मोरीत पाटावर बसायचे आणि मी दोडक्याच्या सुक्या जाळीने पाणी स्वच्छ उतरेस्तोवर घासायची. रोज जमायचं नाही, मलाही शाळा होती, चौथीच्या पोरांना गणित शिकवायचं असायचं. पण रविवार कधी चुकला नाही. पुढे हे रिटायर झाले, आम्ही बालाघाटात घर बांधलं, धूळ मागे राहिली, तरी रविवारची पाठ चालूच राहिली. का, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

मग यांच्या हृदयाने संप पुकारला. दीड वर्षात तीन वेळा नागपूरला जावं लागलं. पहिल्या वेळी तासाभरात काम झालं. दुसऱ्या वेळी एक नस पार बंद सापडली, ती उघडायला साडेतीन तास लागले. तिसऱ्या वेळी तीच नस पुन्हा रुसली. मनगटातून बारीक तार हृदयापर्यंत नेतात आणि ती कुठवर पोचली ते दिसावं म्हणून पाठीच्या बाजूने एक्स-रे सोडत राहतात, एवढं मला तिथे बसून बसून कळलं होतं. तिसऱ्या वेळी दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी एका नर्सने मला बाजूला घेतलं. तीन वेळा मिळून एक्स-रे बराच लागलाय, म्हणाली, पाठीवर लक्ष ठेवा. लाल झालं, खाज सुटली तर आम्हाला कळवा, त्यांना स्वतःला दिसणार नाही. मी हौ हौ म्हटलं. आठवडाभर इमानेइतबारे पाठ पाहिली. काही नव्हतं. मग गोळ्यांच्या वेळा, बिनमिठाची भाजी आणि यांचे नखरे यांत मी ते साफ विसरले. जन्मभर पोरांना गृहपाठावरून कान धरून उभं केलं, आणि स्वतःचा गृहपाठ विसरले.

महिन्याभराने पाठीवर उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली लालसर डाग आला आणि यांना खाज सुटली. मी बघितलं आणि निकाल दिला, गजकर्ण. वर्गातल्या कितीतरी पोरांची गजकर्णं मी घालवली होती, त्यामुळे मला कोणाला विचारायचं कारणच नव्हतं. मेडिकलमधून ट्यूब आणली, कडुलिंबाच्या पाण्याने धुतलं, गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकलं आणि रविवारी तेवढी जागा मुद्दाम जास्त घासली. हे दोन्ही हातांनी गुडघे धरून बसायचे. दुखतं का म्हणून विचारलं तर म्हणायचे, नाई वं, घास तू. आणि मी घासायची. आता हे लिहितानाही मला स्वतःच्या हातांचा राग येतो.

चारेक महिन्यांत डाग तपकिरी झाला, कातडी पातळ आणि चकचकीत झाली, आणि मधोमध एक चीर पडून तिच्यातून पाणी यायला लागलं. त्याच सुमाराला यांना गच्चीचा जिना चढताना छातीत पुन्हा जड वाटू लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पुढच्या आठवड्यात या, बहुतेक चौथ्यांदा तार घालावी लागेल. जाण्याआधी पाठीचं निस्तरावं म्हणून मी यांना गावातल्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. ते भले माणूस होते. हे गजकर्ण वाटत नाही, दाद तो नहीं लगती, म्हणाले, आणि एक छोटासा तुकडा कापून तपासायला पाठवायचं ठरवलं, गुरुवारी. त्यांनी साखर विचारली, कुठलं औषध बाधतं का विचारलं, त्याची मी उत्तरं दिली. नागपूरच्या एक्स-रेचं सांगितलं नाही. हृदयाचं दुखणं वेगळं, कातडीचं वेगळं, अशी माझी आपली वर्गवारी.

मंगळवारी सकाळी हे ओसरीत खाटेवर पालथे पडले होते. डाग वाढतोय की नाही ते डॉक्टरला नीट सांगता यावं म्हणून मी पेन घेऊन त्याच्या कडेने खूण करायला बसले. रेघ वाकडी यायला लागली. वाकडी रेघ मला सहन होत नाही, म्हणून जुन्या कंपासमधली पट्टी आणली आणि कडेला लावली. डागाची कड पट्टीला लागून सरळ गेली. दुसरी बाजू लावली, तीही सरळ. तिसरी, चौथी. कोपऱ्यावर वहीचा कोपरा ठेवून पाहिला, तो बरोबर बसला. गजकर्ण गोल असतं. अंगावर उठणाऱ्या कुठल्याच रोगाला चार कोपरे मी आजवर पाहिले नव्हते. असा चौकोन आतून उगवत नाही, तो बाहेरून कोणीतरी आखावा लागतो. मग मला एक्स-रेचं बजावणारी ती नर्स आठवली आणि मी नागपूरचे कागद काढायला उठले.

"काय झालं वं?" यांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाई. पडून राहा," मी म्हटलं.

नागपूरला फोन लावला. बऱ्याच हातांतून तो फिरला आणि शेवटी हृदयाचे डॉक्टर स्वतः बोलले. आधी म्हणाले, ती जागा कोणालाही कापू देऊ नका, एक्स-रेने भाजलेल्या कातडीवर जखम केली तर ती भरेलच असं नाही. शेकणं, घासणं आजच बंद करा. मी विचारलं, मग हृदयाचं काय? ते म्हणाले, घेऊन या, दोन्ही बघू. गावातल्या डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांना राग आला नाही. अच्छा हुआ आपने बता दिया, म्हणाले, आणि गुरुवारचं रद्द केलं.

तुमसरच्या रस्त्याने नागपूरला जाताना मी यांच्यावर उगाच तीन वेळा खेकसले. स्वेटर घातला नाही म्हणून, पाणी प्याले नाहीत म्हणून, आणि तिसरं कारण आता आठवत नाही. खरं म्हणजे मी भ्याले होते. तार घालावी तर त्याच पाठीवर पुन्हा तेच किरण, न घालावी तर हृदय. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे आमचे हे, खिडकीतून धानाची बांधी, भाताची शेतं, बघत स्वस्थ बसलेले.

डॉक्टरांनी डाग पाहिला, आधीच्या तिन्ही वेळी किती किरण लागले त्याची नोंद काढली आणि सरळ सांगितलं की किरणांचा चौकोनी झोत जिथून आत गेला तिथेच हे उमटलंय. नशीब, त्यांनी माझ्या मिठाच्या पुरचुंडीवर फार वेळ घालवला नाही. तार घालणं लांबवता येणार नव्हतं. पण या वेळी मशीन फिरवून किरण पाठीच्या दुसऱ्या भागातून सोडू, थोडे थोडे सोडू, आणि जुन्या डागाला लागू देणार नाही, असं ते म्हणाले. मी हे सगळं मनात उलटसुलट करत होते, तेवढ्यात आमचे हे बोलले.

"साहेब, आमच्या खाणीत जुन्या भोकात पुन्हा ड्रिल घालत नाईत, आत दारू राह्यली असन तर उडते. बाजूले नवं पाडतेत."

डॉक्टर हसले. म्हणाले, बस, हेच करायचंय. तेवढ्याने यांचं समाधान झालं. जन्मभर जो नियम पाळून हे खाणीतून धड घरी आले, तोच नियम डॉक्टरही पाळणार होते. माझं समाधान व्हायला मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडावं लागलं. यांना आत नेल्यावर सव्वा तासाने डॉक्टर बाहेर आले, नस उघडली म्हणाले, जुन्या डागाला किरण लागू दिले नाहीत म्हणाले. मी त्यांच्यासमोर पदराने डोळे पुसले आणि मला त्याची लाज वाटली नाही. पाठीला वेळ लागेल, हेही त्यांनी सांगितलं. कातडी कदाचित तशीच कडक राहील, पुढे वर्षांनीसुद्धा उलू शकते, तेव्हा बघत राहा. हा गृहपाठ मी विसरणार नव्हते.

चीर भरायला पाच महिने लागले. दोडक्याची जाळी मी त्याआधीच फेकून दिली होती. जाळीसाठी वेलावर जून होऊ द्यायचे ते दोडकेही आता कोवळेच तोडते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा दोडक्याची भाजी होते आणि हे ताटाकडे बघून उसासे टाकतात.

चीर पुरती मिटली त्या रविवारी हे सवयीने मोरीत पाटावर जाऊन बसले. चौकोन फिकट झाला होता, पण चारही कोपरे होते. मी मागे बसले आणि इतके दिवस गिळलेलं विचारून टाकलं.

"मी घासत होती तवा आग होत असन ना?"

"हौ. लय होत होती."

"मंग काहून सांगतलं नाई?"

यांनी तांब्या बाजूला सरकवला. तोंड भिंतीकडेच होतं.

"खाणीतून काळा होऊन येत होतो, म्हणून तू पाठ घासून देत होती. रिटायर झाल्यावर काळं काही राह्यलंच नाई. दुखते म्हटलं असतं, तर तू हेही बंद केलं असतं."

मला राग आला. एवढ्यासाठी माणूस चार महिने भाजल्या जागेवर जाळी सोसतो? पण रागाच्या मागोमाग रडू आलं, आणि ते यांना दिसलं नाही, कारण यांची पाठ माझ्याकडे होती.

आता रविवारी जाळी नाही, साबण नाही. हे पाटावर बसतात, मी चौकोनाचे चारही कोपरे तपासते, हलक्या हाताने मलम लावते, आणि लावून झालं तरी हात तिथेच ठेवून बसते.