ते हसतमुख नव्हते

रत्नागिरीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, सत्कार, साखरपुडा, श्रद्धांजली, सगळ्याचे बॅनर छापतो. ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द माझ्या हाताखालून दिवसातून दोन-चार वेळा तरी जातो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं, त्यात त एकच असतो. मी दुसरा त जोडतो आणि मराठीची सेवा केल्याच्या समाधानात चहा मागवतो. तरुण पुढाऱ्याचं धडाडीचं व्यक्तिमत्त्व, निवृत्त मास्तरांचं सोज्वळ व्यक्तिमत्त्व, गेलेल्या माणसाचं हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. शब्द ठरलेले, फक्त फोटो बदलायचा.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पालीकडच्या एका गावातून एक बाई एसटीने आल्या. साठीच्या असतील. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, “ह्यांचं वर्षश्राद्ध आहे सोमवारी. मुलगा मुंबईला असतो. गेल्या वर्षी बॅनर तुमच्याकडेच केलेला. तोच काढायचा, वर फक्त ‘प्रथम पुण्यस्मरण’ घालायचं, असं तो बोलला.”

जुनी फाईल सापडली. जाड भुवयांचा, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा माणूस. खाली ओळ होती, ‘प्रेमळ, हसतमुख आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’.

बाईंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. मग मला विचारलं, “हे कोणाबद्दल लिहिलंय?”

“तुमच्या मिस्टरांबद्दल.”

“ते हसतमुख नव्हते ओ.”

त्या पुढे म्हणाल्या, “गेल्या वर्षी माझं कशात लक्षच नव्हतं. मग महिनाभर तो बॅनर फाट्यावर होता. येता-जाता वाचायचे. वाटायचं, दुसऱ्याच कुणाचं तरी ह्यांच्या फोटोखाली लावलंय.”

“काकी, असं लिहायची पद्धत आहे.”

“असेल. पण खोटं आहे.”

“मग ‘भारदस्त व्यक्तिमत्त्व’ करू?”

त्या हसायला लागल्या. “लग्न ठरलं तेव्हा माझा भाऊ बोललेला, माणसाला पर्सनॅलिटी आहे. मी चौथी शिकलेली. हे चांगले उंच. कितीतरी वर्षं मला वाटायचं, पर्सनॅलिटी म्हणजे उंची.”

मीही हसलो. आणि मग, का कोण जाणे, विचारलं, “कसे होते ते?” इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण हा प्रश्न मी त्याआधी कुणालाच विचारला नव्हता.

त्यांचे यजमान बोटीवर स्वयंपाकी होते. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. नोकरी संपवून कायमचे आले ते पडवीत बसून राहायचे. आंबे पाडायला आलेल्या पोरांवर ओरडायचे. दोन घरांमधल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दगडांवरून चुलत भावाशी बिनसलं, ते अकरा वर्षं बोलणं नाही.

“पण वाडीत कुणाचं गेलं ना, की त्या घरात चूल पेटत नाय. तेव्हा हे उठायचे. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचे नाय. मोठ्या पातेल्यात पिठलं, दुसऱ्यात भात. स्वतः नेऊन ठेवायचे, आणि एक शब्द न बोलता परत. चुलत जाऊ गेली तेव्हापण गेले. पातेली त्यांच्या दारापुढच्या खळ्यात ठेवली, आले. बोलणं त्यानंतरही नव्हतंच.”

“आणि ते स्वतः गेले तेव्हा?”

“सात घरची पातेली आली,” त्या म्हणाल्या. “चुलत दीर स्वतः घेऊन आले. दारात उभे राहून रडले.”

मी की-बोर्ड पुढे ओढला. बोटांनी सवयीने टाइप केलं, ‘सेवाभावी व्यक्तिमत्त्व’.

“परत तोच शब्द,” बाई म्हणाल्या.

खोडला. अर्धा तास आम्ही दोघं त्या दोन ओळींशी झटत होतो. शेवटी राहिलं ते एवढं: ‘बोलायचे कमी. वाडीत कुणाचं गेलं, की त्या घरी पिठलं-भात ह्यांच्या चुलीवरचा जायचा.’

छापायच्या आधी त्यांच्या मुलाला मजकुराचा फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन. “हे काय लिहिलंय? पिठलं-भात? माझ्या ऑफिसचे साहेब येणार आहेत. बाबांची काही पर्सनॅलिटी दिसायला नको?”

बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. आवाज चढवला नाही. “बाबा हसलेले तुला कधी आठवतात, सांग. एकदा तरी.” मग फोन परत देत म्हणाल्या, “छापा, असं बोलतोय तो.”

सोमवारी बॅनर लावणारा माणूस आला नाही, म्हणून मीच गाडीवर घेऊन गेलो. फाट्यावर बांबूला दोरी आवळत होतो तेव्हा एक म्हातारे थांबले. मोठ्याने वाचलं, टोपी काढली. “तिखट असायचं हां पिठलं. लसूण ही एवढी.”

“भाताला मीठ घालायचे,” दुसऱ्याने सांगितलं. “बोटीवरची सवय.”

बॅनरपुढे उभं राहून माणसं एकमेकांना काही सांगतायत, हे मी आजवर पाहिलं नव्हतं. एरवी फोटो बघतात, ‘अरेरे’ म्हणतात आणि पुढे जातात.

बाईंचा मुलगा बाजूला उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, हात मागे. जरा वेळाने म्हणाला, “मला वाटलं, असंच लिहायचं असतं.”

“माझ्या वडिलांच्या बॅनरवर मी ‘मनमिळाऊ’ लिहिलंय,” मी त्याला सांगितलं. “अर्ध्या गावाशी त्यांची कोर्टकचेरी. दुकान माझं, मशीन माझं, आणि बापाबद्दल एक खरी ओळ मला सुचली नाही.” हे मी तोवर घरीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

तो जरासा हसला. मग बॅनरकडे बघत म्हणाला, “मी पाच वर्षांचा असेन. बाबा बोटीवरून आले, आणि मी घाबरून माळ्यावर जाऊन बसलो. माणूस ओळखीचाच नव्हता. आईने हाका मारल्या. बाबांनी नाही मारली. खाली बसून मासे साफ करत राहिले, मग तळायला घेतले. वास वर आला तसा मी उतरलो.”

“मग काय म्हणाले?”

“काही नाही. ताट पुढे सरकवलं.”

वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या घरातून कुणीतरी पानं मांडल्याची हाक दिली. तो मला जेवायला चला म्हणाला, आणि मी गेलो.

दुकानात हल्ली श्रद्धांजलीचं काम आलं की मी विचारतो, कसे होते ते? पुष्कळ जण घड्याळ बघतात आणि म्हणतात, तुमचं नेहमीचं घाला. मी घालतो. पण कधी कधी एखादा माणूस चप्पल काढून नीट बसतो, आणि मग त्या दिवशी मशीन उशिरा सुरू होतं.