वहिनींच्या व्हॅनमधली ऊब

वहिनी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. नवरा डायलिसिसच्या पेशंटांना व्हॅनमधून हॉस्पिटलात न्यायचा-आणायचा, आणि सगळे त्याला दादा म्हणायचे. तो गेला, व्हॅनची किल्ली हिच्या हाती आली आणि दादांची बायको म्हणून ती आपसूक सगळ्यांची वहिनी झाली. तिच्या आईच्या वयाची शिंपीणबाईसुद्धा तिला वहिनीच म्हणायची.

व्हॅनचं वय झालं होतं. थंडी वाढली तशी हीटरने मान टाकली. पंखा मोठ्या तोऱ्यात घोंघावायचा, पण हवा यायची ती कुणी फुंकर मारून निववल्यासारखी. डायलिसिस झालेलं माणूस मुळातच गारठलेलं असतं. वहिनीने लगेच गॅरेज गाठलं. मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला. इंजिनच्या तापमानाचा काटा आता वेळेवर मधोमध यायला लागला, हीटर मात्र ढिम्म. मग तो म्हणाला, "आता डॅशबोर्ड उतरवावा लागेल. आठवडाभर गाडी ठेवून जा." आठवडाभर गाडी ठेवली तर पेशंटांना आणणार कोण? वहिनीने घरातली होती नव्हती ती पांघरुणं गाडीत टाकली आणि वेळ मारून नेली. पेशंटांनी चकार शब्द काढला नाही.

एके दिवशी वॉर्डमधली नर्स सहज बोलून गेली, "हॉस्पिटलची नवी गाडी सुरू झालीय, चांगली गरम असते. तुमच्या माणसांना कधीच विचारलं होतं. सगळे नको म्हणाले."

परतताना शेजारच्या सीटवर शिंपीणबाई होती, शालीतून नुसतं नाक बाहेर.

"नव्या गाडीने का गेला नाहीत?" वहिनीने विचारलं.

"त्यांचा ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवतो म्हणे. तू वर येतेस, हात धरून जिना उतरवतेस."

"पण थंडी वाजते ना तुम्हाला."

"वाजते की. जिन्यावरून पडण्यापेक्षा बरी."

मागे बसलेले रिटायर्ड पोस्टमन खाकरले. "आणि दादांच्या गाडीत गप्पा मारता येतात," ते म्हणाले. ते अजूनही तिला दादांचीच गाडी म्हणायचे, आणि वहिनीला ते आवडायचं.

घरी पोचल्यावर तिने धाकट्या दिराला फोन लावला. तो बिल्डिंगांमधले पंप आणि पाइप सांभाळायचा. उठसूट त्याला काय त्रास द्यायचा, म्हणून नवरा गेल्यापासून तिने स्वतःहून कधी काही मागितलं नव्हतं. तिला खरी वहिनी म्हणायचा हक्क असलेला तो एकटाच, आणि त्यालाच तिने लांब ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो हजर झाला. गार इंजिनचं झाकण उघडून त्याने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बघितलं. भरलेलं होतं. मग हीटर पूर्ण लावून गाडी तापवली आणि इंजिनमागच्या दोन रबरी नळ्या दाखवल्या. "वहिनी, जपून हात लावून बघा."

पहिलीला बोट लागताच वहिनीने हात झटकला. दुसरी मात्र जेमतेम कोमट.

"एकीतून गरम पाणी आत हीटरमध्ये जातं, दुसरीतून परत येतं. जाताना इतकं गरम आणि येताना असं, म्हणजे..."

"मधे तुंबलंय," वहिनी म्हणाली.

"मग डॅशबोर्ड कशाला उतरवायचा? आधी धुऊन तर बघू."

इंजिन निवेपर्यंत दोघं पायरीवर चहा घेत बसली. मग नळ्या सोडवून त्यांनी जुनं कूलंट बादलीत धरलं. परतीच्या तोंडाला बागेचा पाइप जोडून उलट्या बाजूने पाणी सोडलं. नळ वहिनीच्या हाती होता.

"हळू. हीटर जुना आहे, जोर लावला तर फुटेल."

आधी काहीच आलं नाही. मग गंजाचा गाळ भसकन बाहेर आला, वीटकरी रंगाचा. "एवढं पोटात घेऊन चालत होती बिचारी," वहिनी म्हणाली. पाणी नितळ होईपर्यंत त्यांनी धुतलं, नळ्या परत बसवल्या, नवं कूलंट भरलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. या खेपेला दोन्ही नळ्या हात लावू देईनात.

"भावोजी, आधीच बोलवायला हवं होतं तुम्हाला," वहिनी हात पुसत म्हणाली.

"मी वाटच बघत होतो," तो म्हणाला आणि पाने-पक्कड पिशवीत भरायला लागला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पोस्टमन स्वेटर काढून बसले आणि वर खिडकी जराशी उघडायची परवानगीही त्यांनी मागितली. शिंपीणबाईची शाल मांडीवर घसरली होती आणि ती तोंड उघडं टाकून चक्क घोरत होती. तिचं घर आलं तरी वहिनीने लगेच उठवलं नाही. इंजिन चालू ठेवून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मागूनही कुणी घाई केली नाही.

सगळ्यांना पोचवून झाल्यावर तिने दिराला फोन केला. "सगळ्यांनी तुम्हाला आशीर्वाद दिलेत," ती म्हणाली.

"ते असू द्या. खाली कुठे गळत नाहीये ना, तेवढं बघा."

वहिनी खाली उतरली आणि तिने वाकून पाहिलं. गाडीखालची जमीन कोरडी ठणठणीत होती.