चार बोटं कमी

माझा हात पटकन उठतो. ऑफिसात मी तो टेबलाखाली दाबून ठेवते, घरी तोंडाच्या पट्ट्यावर काम भागवते, पण संध्याकाळी दहिसरला मंडळाच्या मैदानात मुलींना कबड्डी शिकवायला उभी राहिले की तो मोकळा सुटतो. चढाईला गेलेली मुलगी घाबरून मागे बघायला लागली की एक पाठीत. पकड सुटली की एक कानाखाली. मलाही असंच शिकवलं होतं, एवढंच समर्थन माझ्याकडे आहे.

मैदानाला लागून टॉवरचं काम चालू होतं. तिथे मजुरीला असलेल्या एका जोडप्याची मुलगी होती. ती आठवडाभर पत्र्याच्या कुंपणाशी उभी राहून आमचा सराव बघत होती. मला वाटलं, सहावी-सातवीतली पोरगी असेल.

"काय गं, खेळायचंय?" मी ओरडले.

ती आत आली आणि तिनं थेट विचारलं, "ताई, कबड्डी खेळून उंची वाढते ना?"

"कशाला हवीय उंची?"

"पोलीस भरतीला. चार बोटं कमी पडते मी."

मी हसले. "भरतीला अजून किती वर्षं आहेत तुला! आधी दहावी तर हो."

"बारावी झाली, ताई. वीस वर्षांची आहे मी."

खोटं बोलतेय असं वाटून मी तिचं आधार कार्ड मागितलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते आणलं. खरंच वीस. नंदुरबारच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकलेली. माझी मुलगी तेव्हा चौदाची होती आणि आमच्याच संघात खेळायची. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर हिचं डोकं माझ्या मुलीच्या हनुवटीला लागत होतं. माझी मुलगी दूध, अंडी आणि बांगडा-सुरमईवर वाढलेली. माझे वडील कोकणातून गिरणीत आले तेव्हा खोलीत दहा माणसं होती, पण ताटात मासळी होती.

मला तसं हे नवीन नव्हतं. मी स्वतः खेळत होते तेव्हा राष्ट्रीय स्पर्धांना गेलेय. वजनाच्या काट्यापुढे सगळ्या राज्यांच्या मुली रांगेत उभ्या असायच्या. हरियाणाच्या मुली दार अडवून उभ्या राहतील अशा. झारखंडच्या, ओडिशाच्या मुली त्यांच्या बगलेखालून निघून जातील एवढ्या. सगळ्या एकाच वयाच्या. देश केवढा मोठा आहे हे मला नकाशानं नाही, त्या रांगेनं शिकवलं. तेव्हा आम्ही हसायचो, "अरे यार, यांची तर वाटच लागली आज."

आता मात्र मला हसू आलं नाही, हिशेब सुचला. किशोरी गटाला वयाची अट असते, सोळाच्या आत, आणि वजनाचीही. प्रत्येक संघ थोडी मोठी मुलगी लहान म्हणून खपवायला बघतो, आणि पकडला जातो. मोठी मुलगी मोठी दिसते. ही दिसत नव्हती. वीस वर्षांची अक्कल, दगड वाहिलेल्या हातांची ताकद आणि बारा वर्षांचं शरीर. असा खेळाडू मुंबईत कोणाकडे नव्हता.

"वाढते," मी म्हणाले. "खेळ आणि रोज दांडीला लटक. चार बोटं काय, सहज वाढशील."

बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

तिला एक बहीण होती, पंधराची, गावाकडे आश्रमशाळेत. तिचा शाळेचा दाखला मी मागवून घेतला. "स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळेल, भरतीला कामाला येईल," असं सांगितलं. प्रमाणपत्रावर बहिणीचं नाव येणार होतं. आपल्याला ते काय कामाचं, असा प्रश्न तिला पडला नाही. मला पडला होता, मी तो गिळला.

मंडळाच्या खोलीच्या भिंतीवर मी तिची उंची मोजायचे. डोक्यावर पट्टी, पट्टीखाली पेन्सिलची रेघ. पहिल्या महिन्यानंतर रेघ तिथल्या तिथेच आली तेव्हा तिचं तोंड पडलं. पुढच्या महिन्यात मी पट्टी जरा तिरकी धरली. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. रेघा वर चढत गेल्या. ती हरखून मागे वळून बघायची आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरानं खेळायची.

सरावात मी तिलाही मारलं. वीस वर्षांच्या बाईला, माहीत असताना. एकदा फार लागलं तेव्हा तिच्या ओठातून रक्त आलं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "परत दाखवा, ताई."

स्पर्धा घाटकोपरला होती. सकाळी वजन. आमच्या मुलींनी आदल्या दुपारपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. माझी मुलगी अंगात दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होती, थुंकत होती, रडत होती, कारण ती किलोभर जास्त भरत होती. आणि ही माझ्याशेजारी उभी राहून दुसरा वडापाव खात होती. काट्यावर चढली तेव्हा पंचांनी कौतुकानं विचारलं, "कितवीला गं बाळ?" तिनं बहिणीची इयत्ता सांगितली. दाखल्याकडे त्यांनी नीट बघितलंही नाही.

मग माझी मुलगी काट्यावर आली, कशीबशी वजनात बसली, आणि समोरच्या संघाचा प्रशिक्षक पुढे आला.

"ओ मॅडम, ही चौदाची? कोणाला गंडवताय? कॉलेजातली घोडी आहे ही!"

त्याला घोडी शब्द पुरता बोलूही दिला नसेल मी. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती आणि दुसऱ्या हाताची एक सणसणीत त्याच्या थोबाडात बसली होती. त्यानं मला ढकललं, मी टेबलावर आदळले, टेबल पंचांच्या पायावर पडलं. त्याच्या मुली, माझ्या मुली, पालक, सगळे एकमेकांच्या अंगावर गेले. कोणीतरी माझे केस धरले होते. "माझ्या पोटची आहे!" मी किंचाळत होते. "तिचं वय मला विचारतोस?" पंचांनी माझ्या मुलीचा जन्मदाखला मागितला. मोबाइलवरून तिच्या बाबांनी पाठवला. तासभर तिला सगळ्यांसमोर उभं ठेवलं, तिचे दात बघा, अंग बघा, अशी बोलणी झाली. तिनं मान वर केली नाही.

ही तेव्हा तिचा हात धरून उभी होती. हिच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

संध्याकाळी अंतिम सामना, त्याच संघाशी. सकाळच्या भांडणाचा राग दोन्हीकडे होता आणि मी तो आणखी पेटवला. "फाडा त्यांना," मी मुलींना सांगितलं. माझ्या मुलीनं एकीला कमरेत धरून अशी आपटली की तिचा श्वास अडला. त्यांनी आमच्या एकीचं नाक फोडलं. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो, आणि मी हिला पाठवलं.

तिनं कोपऱ्यातली गाठली, तिला हात लावून खाली वाकली आणि पायांमधून निसटायला गेली. एकीनं घोटा धरला. मग तिघी वरून पडल्या. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मला मैदानाबाहेर ऐकू आला. त्या ढिगाखालून तिचा उजवा हात बाहेर आला, सरपटत मध्यरेषेपर्यंत गेला आणि रेषेला टेकला. अंगावर पडलेल्या सगळ्या बाद. आम्ही जिंकलो. तिचा डावा हात कोपराच्या खाली भलतीकडेच वळला होता.

मी नाचत होते. आवाज ऐकल्यावरही काही क्षण मी नाचत होते, हे लिहायला हवं.

हॉस्पिटलात डॉक्टरीण बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वय काय म्हणालात?"

"पंधरा," मी म्हणाले.

"वीस," माझी मुलगी म्हणाली. "आई, आता पुरे कर ना."

"तेच म्हणतेय," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "हाडांची वाढ केव्हाच पुरी झालीय. आणि हाडं पातळ आहेत. लहानपणी खायला काय होतं गं?"

"पावसाळ्यात भाकर आणि मिरची," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "वाढ पुरी झाली म्हणजे? उंचीची पण?"

"उंची थांबून तीन-चार वर्षं झाली असतील. आता नाही वाढायची."

ती माझ्याकडे वळली. "पण वाढली ना, ताई? भिंतीवर आहे ना?"

मी नर्सला प्लास्टरचं काहीतरी विचारत राहिले.

प्लास्टर निघाल्यावर ती मंडळाच्या खोलीत आली. मी आणि माझी मुलगी चटया आवरत होतो. बहिणीच्या नावाचं प्रमाणपत्र तिनं टेबलावर ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली. "सरळ मोजा."

मी पट्टी सरळ धरली. रेघ पहिल्या दिवशीच्या रेघेवर बरोबर बसली. तिनं वळून बघितलं. वर माझ्या पाच रेघा होत्या, एकीवर एक, शेवटची चार बोटं वर. तिनं त्या बोटांनी मोजल्या आणि परत भिंतीला पाठ लावली.

"माझी भरती या महिन्यात होती," ती म्हणाली. "हाताचं सोडा, वाढले असेन म्हणून मी यंदा फॉर्म भरला होता. आईला सांगितलं होतं, वाढले म्हणून."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिनं माझ्या कानाखाली मारली.

माझा हात सवयीनं वर गेला. माझी मुलगी ओरडली, "आई, नको!" पण मी त्याआधीच थांबले होते. माझ्या गालापर्यंत पोचायला तिला टाचा उचलाव्या लागल्या होत्या, आणि त्या तिनं अजून खाली टेकवल्या नव्हत्या. तशी ताठ उभी असताना तिचं डोकं भिंतीवरच्या माझ्या शेवटच्या रेघेला लागलं होतं.