फ्लेमेन्को, म्हणजे आपलंच की!

इथे जर्मनीत, कोलोनला माझा फ्लेमेन्कोचा क्लास शनिवारी असतो. शिकवणाऱ्या बाई मूळच्या दक्षिण स्पेनच्या, आवाज खणखणीत. त्या सांगतात, आधी आलं गाणं, नुसतं गळ्यातून निघालेलं दुःख. मग टाळ्या आणि पाय, गिटार त्यानंतर. बारा मात्रांचं आवर्तन, पण जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. एकवर काहीच नाही. आणि माझा पाय नेमका एकवर दणकन पडतो. समेवर आल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही, त्याला मी तरी काय करू? बाई वैतागतात, "तुला घरी पोचायची एवढी घाई का?"

त्यांनीच सांगितलं, की ही कला घडवण्यात रोमा लोकांचा मोठा वाटा. शेकडो वर्षांपूर्वी ते हिंदुस्थानातून निघाले, वाटेत ठिकठिकाणी हाकलले गेले, आणि स्पेनमध्ये अरबांच्या, ज्यूंच्या, तिथल्या गावकऱ्यांच्या सुरांत त्यांचे सूर मिसळले.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मी नाचणार होते. तालमीला हे सगळं सांगितलं, तर कार्यक्रम बसवणाऱ्या वहिनी एकदम खूश. "गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणजे आपलंच की! निवेदनात टाकूया. आणि काय गं, तुझे पाय इतके तयार कसे? घरात कोणी नाचायचं?"

या प्रश्नाची मला लहानपणापासून धास्ती आहे. माझी आजी तमाशाच्या फडात नाचायची. म्हातारपणी भाकऱ्या थापतानाही तिचा पाय ठेका धरायचा, आणि शेजारी बसून मी तो उचलायचे. पण आईची सक्त ताकीद होती, आजी शेतात कामाला जायची, एवढंच सांगायचं. माझ्या सासरीही तेवढंच माहीत आहे.

त्या दिवशी मात्र मला खोटं बोलवेना. "आजी," मी म्हटलं. "तमाशात होती ती."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या. "आल्झो... म्हणजे, ते नको गं निवेदनात. कथक म्हणूया ना?"

माझं डोकंच फिरलं. शेकडो वर्षांपूर्वी गेलेली परकी माणसं यांना चटकन आपली वाटली, आणि माझी आजी नाही. "मी कथक शिकलेच नाहीये, वहिनी," म्हटलं, पिशवी उचलली आणि निघाले. ट्रामच्या थांब्यावर आले. तशीच आईला फोन लावला.

"आई, मी आजीचं सांगून टाकलं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग आईने हळू आवाजात विचारलं, "कुणाकुणाला?"