न वाकणारे कोपर

ओवीचा जन्म झाला त्याच सकाळी अलिबागच्या रुग्णालयात डॉक्टरांनी निदान सांगितले. आर्थ्रोग्रायपोसिस, म्हणजे जन्मतःच एकाहून अधिक सांधे आखडलेले असणे. आमच्या मुलीचे दोन्ही हात सरळ होते. कोपरे वाकत नव्हती.

डॉक्टरांनी कागदावर एक सलग दांडा काढला. "गर्भात हात आधी असा असतो, मऊ कूर्चेचा. जिथे सांधा व्हायचा तिथल्या पेशी वेगळ्या होतात, मग तिथे फट पडते. ती मोकळी राहायला बाळाला हलावं लागतं. हिची हालचाल कमी झाली असावी."

माझी पत्नी सुजाता म्हणाली, "जवळजवळ हललीच न्हाय."

आम्ही श्रीवर्धनचे. सातव्या महिन्यापर्यंत सुजाता शेजारच्या वाडीत सुपारी सोलायला बसत असे. डोहाळजेवणाला तिथल्या बायकांनी एकेक करून तिच्या पोटावर हात ठेवला. पोट गप्प होते.

"पोरगी हाय गो, आन् आळशी! बापावर गेलीय," माझी आत्या म्हणाली. सगळ्या हसल्या.

"शहाणं बाळ हाय. आईला त्रास न्हाय देत," माझी आई म्हणाली.

सुजाताची पहिलीच खेप. बाळाने किती हलावे हे तिला ठाऊक नव्हते. पुढच्या तपासणीत तिने सगळे ठीक असल्याचे सांगितले.

"तेव्हा बोलले असते तर?" तिने डॉक्टरांना विचारले.

"आधी कळलं असतं. हात वाकला असता, असं मी म्हणू शकत नाही. तुमच्यामुळे हे झालेलं नाही."

कोपरे हळूहळू वाकवत नेण्यासाठी प्लास्टर सुरू झाले. ते बदलायला आम्ही ओवीला घेऊन मुंबईला जात राहिलो. ती स्वतःच्या हाताने जेवेल का, एवढेच विचारत होतो. उत्तर दर वेळी एकच मिळे: बघू.

'शहाणं बाळ' हे शब्द आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही. ओवी झोपेत निश्चल पडली की सुजाता तिचा पाय हलवते. ओवी पाय ओढून घेते. थोड्या वेळाने सुजाता पुन्हा हलवते.

पोटातल्या बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. घरातल्यांना विचारत बसू नये.

ओवी दीड वर्षाची आहे. उजवे कोपर काटकोनापर्यंत वाकते, डावे नाही. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी तिच्या उजव्या हातात केळ्याचा तुकडा दिला. हात तोंडापर्यंत पोचला नाही. तिने कोपर टेबलावर टेकवले, मान खाली घातली आणि तुकडा खाल्ला.