हाक मारताना गळणारा फ

बेलफास्टला उतरलो तेव्हा पाऊस, वारा आणि गुडघेदुखी अशी तिन्ही सोबत होती. बर्मिंगहॅमहून विमान जेमतेम तासाभराचं, पण ते सुटायलाच दुपार झाली.

डोनलला पक्षाघात झाला होता. "बोलणं गेलंय, कोणाला ओळखतही नाही," असं त्याची बायको मोरा फोनवर म्हणाली होती. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली. डबा खाताना मी आत्मा, पुनर्जन्म असलं काहीबाही बोलायचो. तो मला 'अ आलसिव' अशी हाक मारायचा. माझ्या बायकोला ते 'आळशी' ऐकू यायचं. "अगदी बरोबर नाव ठेवलंय हो तुम्हाला!" म्हणायची.

मोराने चहा आणि सोडा ब्रेड (यीस्ट न घालता भाजलेला पाव) पुढे ठेवला. डोनल खिडकीशी खुर्चीत होता. त्याची नजर माझ्यावरून तशीच पुढे सरकली. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो मोराकडे वळून पुटपुटला, "फ्यालसू."

मोराचे डोळे भरले. ती पूर्वी शाळेत आयरिश शिकवायची. "तत्त्वज्ञ म्हणतोय. तुझ्याबद्दल."

"पण मला तर तो आलसिव म्हणायचा."

"शब्द तोच. लॅटिनमधला फिलॉसोफुस आमच्या तोंडी झिजून फ्यालसू झाला. हाक मारताना त्याचा फ लिहितात, पण उच्चारत नाहीत. शेवटही बदलतो. आत्ता तो तुझ्याबद्दल बोलला. तुझ्याशी नाही."

"आमच्यातही बदलतो," मी म्हणालो. "देव, पण हाक मारताना देवा."

संध्याकाळभर मी एकटाच बोलत राहिलो. कारखाना, फोरमन, जुनी भांडणं. डोनल पाऊस बघत होता. शेवटी माझाही आवाज बसला.

सकाळी कोट चढवून त्याचा हात हातात घेतला. "येतो, डोनल." दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अ आलसिव!"

तो माझ्याकडेच पाहत होता. ओठ हलत होते, पण पुढचा शब्द काही सापडत नव्हता. मी कोट काढला आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो. विमान चुकलं.

दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमला घरी पोचलो तेव्हा बूट काढायचंही त्राण नव्हतं. जन्मभर आत्म्यावर इतकं बोललो, पण वाटेत त्यातलं एक वाक्यही मला खरं वाटेना.

बायकोने पाणी दिलं. "ओळखलं का हो त्यांनी?"

"हाक मारली," मी म्हणालो.